वाहून गेलेलं नाक

"नाक! आवं भाऊ, नाक वाहून गेलं की माझ्या मायचं! थांबवा ते पाणी!"

पोखर्णीचा नरसिंह खांब फोडून निघाला तेव्हासुद्धा एवढा आवाज झाला नसेल. परभणीत माझ्या ओसरीवर बसून ही आरोळी मारली माझ्या मित्राच्या थोरल्या बहिणीनं, आणि तिकडं पेडगावच्या शिवारात बैलांनी कासरे तोडले, असं मला खात्रीच्या माणसानं सांगितलंय. तो माणूस मीच.

सगळं झालं माझ्या शौकापायी. रिटायर झालो तेव्हा पुण्याच्या लेकीनं रंगीत पेन्सिली पाठवल्या. कागदावर कोरड्या चालवायच्या, वरून ओला ब्रश फिरवला की रेघांचा रंग होतो. हापिसात उभा जन्म कॉपिंग पेन्सिल जिभेला लावून लिहिण्यात गेलेला. सवयीनं ह्याही चाटल्या. जीभ इतकी हिरवी झाली की गल्लीतली शेळी माझ्याकडं आशेनं बघायला लागली. पण हात बसला. एक तांब्या तर असा काढला की पाहुण्यानं पाणी प्यायला हात घातला.

मित्र हापिसात माझ्या शेजारच्या टेबलावरचा. नामांतराच्या दंगलीत त्याचं गावाकडचं घर जळालं. भांडीकुंडी पुन्हा घेता आली. आईचा एकुलता एक फोटो गेला तो गेलाच. आई वारली तेव्हा हा रांगत होता. त्याला आई म्हणजे तो फोटोच. "आता चेहरा पुसट व्हायलाय रे," असं एकदा चहा पिता पिता म्हणाला. मी लगेच छाती फुगवली, "मी काढतो! चेहरा सांगणारं कुणी आण."

सांगणारी एकच उरली होती. त्याची थोरली बहीण, आक्का, जिंतूरहून एस.टी.नं आली आणि माझ्यासमोर मांडी घालून बसली; मित्र तिच्या मागं.

"कपाळ मोठं. आवं, एवढं न्हाई! ते काय पटांगण हाय?"

"आणि नाक? ह्याचं बघून काढू का?"

"त्याचं कशाला बघता? ते बापाचं हाय. मायचं बसकं, पण लय गोड."

खोडून खोडून कागदाची साल निघाली. दिवस कलता आक्कानं कागद आपल्याकडं फिरवला, बघत राहिली आणि हळूच म्हणाली, "हीच."

मित्र गुडघ्यांवर रांगत पुढं आला.

तिथंच थांबायचं ना! पण हुन्नर दाखवल्याशिवाय मला जेवण जात नाही. "आता जादू बघा," म्हणालो आणि ब्रश बुडवून गालावरून फिरवला. गाल झकास भरला. नाक मात्र गालात विरघळून ओठावर उतरलं.

मग ती आरोळी.

मी कागदावर कागद घेतले. एकात माय तहसीलदारासारखी दिसायला लागली. एकात चक्क माझी सासू उतरली. ती बायकोनं ठेवून घेतली. आक्का प्रत्येकाला "न्हाई" म्हणून मान हलवायची. आता बढाई संपली होती. मित्र कशाकडंच बघत नव्हता. तो पहिला कागद मांडीवर घेऊन फुंकर घालत वाळवत बसला होता. "डोळे आहेत पण," म्हणाला.

आक्कानं माझ्या हातातली पेन्सिल काढून डब्यात ठेवली आणि तोच कागद उचलला.

"आक्का, त्यात नाक नाही हो," मी म्हणालो.

"नाक मी सांगीन त्याला."