स्विचचा दोष, केरसुणीवर आळ

खोटं बोलणाऱ्या माणसांची मला सवय आहे. पण एका यंत्राला खोटं बोलायला मी स्वतः लावलं आणि शिक्षा भलत्याच माणसाला झाली, हे आठवलं की अजून डोकं फिरतं.

दोन हजारचं दशक संपत आलं होतं. नाशिकच्या एका कॉलेजात मी लॅबचं नेटवर्क सांभाळायचो, तेही करारावर. दिवाळीनंतर मला कायम करायचं की नाही, ते विभागप्रमुखांच्या हातात. लॅब झाडायला मखमलाबादहून एक मावशी यायच्या. घरचा झेंडूचा मळा. सकाळी फुलं गंगेवर, म्हणजे गोदाकाठच्या बाजारात, पोचवून मग कामावर. टेबलांखालच्या वायरी एका हाताने अलगद उचलून दुसऱ्या हाताने केर काढायच्या. चार वर्षांत त्यांच्या हातून एक वायर निघाली नाही. दसऱ्याला यंत्रांच्या पूजेची फुलं त्याच आणायच्या, हारही स्वतः चढवायच्या. लॅब आपलीच आहे अशा तोऱ्यात वावरायच्या, आणि का नाही वावरायचं?

त्या वर्षी तपासणीची कमिटी येणार होती. विभागप्रमुख साहेबांनी अहवालात ठोकून दिलं होतं, की आमच्याकडे नव्या पद्धतीचं, आयपीव्ही सिक्सचं इंटरनेट सुरू आहे. मला म्हणाले, "स्विचवर ती राउटर ॲडव्हर्टाइजमेंट चालू करून टाका."

ही सेटिंग म्हणजे दवंडी. लॅबमधले सगळे संगणक ज्या खोक्याला जोडलेले असतात, तो स्विच थोड्या थोड्या वेळाने त्यांना सांगतो, बाहेर जायचंय ना, माझ्याकडून या. सीबीएस स्टँडवर काळी-पिवळी जीपवाला "त्र्यंबक, त्र्यंबक" ओरडतो, तसंच. संगणक बिचारे कसलीही चौकशी न करता विश्वास ठेवतात.

"पण सर, आपल्याला तशी लाइनच मिळालेली नाही. पुढे रस्ता नाही."

"कमिटीला दिसलं पाहिजे. रस्त्याचं नंतर बघू."

मी चालू केली. कमिटी आली, पडद्यावरचे नवे लांबलचक पत्ते पाहून खूश झाली, श्रीखंड-पुरी हाणून गेली. सेटिंग काढू का विचारलं, तर साहेब म्हणाले, "कमिटीचं मंजुरीचं पत्र येईपर्यंत हात लावायचा नाही."

आणि नेट रखडायला लागलं. संगणक आधी नव्या वाटेने जायचे, तिथे ताटकळायचे, मग जुन्या वाटेला लागायचे. परीक्षेचे फॉर्म भरताना मुलं शिव्या घालायची. स्टाफ मीटिंगमध्ये तक्रार निघाली, तेव्हा साहेबांनी पापणीही न लववता सांगितलं, "झाडणारी बाई केरसुणीने वायरी हलवते." चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, ती हीच! मी समोर बसलो होतो. खरं कारण मला माहीत होतं. मी वहीत रेघोट्या मारत राहिलो.

दुसऱ्या दिवसापासून मावशींना लॅब बंद. संडास धुवायला लावलं.

तीन आठवड्यांनी पत्र आलं. त्याच तासाला मी दवंडी बंद केली, संगणक एकदा बंद-चालू केले आणि नेट धावायला लागलं. साहेबांनी येऊन चार साईट उघडून पाहिल्या आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "बघा! बाई हलवली आणि नेट सुधारलं."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. केबिनमध्ये जाऊन म्हणालो, "सर, दोष त्या सेटिंगचा होता. मावशींना परत आणा."

"आता उकरून काढू नका. तुमचंही काम व्हायचंय."

मी केबिनचं दार ओढून घेतलं आणि लॅबमध्ये परत आलो.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी मावशी लॅबच्या दारात आल्या. फुलांची पिशवी उंबऱ्याबाहेरूनच पुढे केली. "आत तुम्हीच वाहा. माझा हात लागला तर परत बंद पडायचं."

"मावशी, तुमची काही चूक नव्हती. साहेबांनी सांगितलं म्हणून मीच एक सेटिंग केली होती. त्याने झालं सगळं."

"मला त्यातलं काय बी कळत नाय, सर. पर साहेब माझं नाव घेत व्हते, तवा तुम्ही तिथंच व्हते ना?"

"होतो."

त्यांनी पिशवी उंबऱ्यावर ठेवली, बादली उचलली आणि गेल्या.

दिवाळीनंतर मी कायम झालो.