आत्याचं घड्याळ आणि भरलेला पट

परभणी जिल्ह्यात माझ्या सेलूच्या आत्याइतकी निवांत बाई शोधून सापडणार नाही, आणि समोरचा घाईत असेल तर तिच्याइतकी धोकादायक बाईही सापडणार नाही. गाडीच्या कितीतरी आधी ती स्टेशनात जाऊन बसते, दिवाळीचा किराणा नवरात्रातच भरते, आणि पाहुणे येण्याआधी तिचा चहा उकळलेला असतो. आपण घाईत कुणाला सापडू नये आणि बाकी सगळ्यांनी मात्र आपल्याला घाईतच सापडावं, एवढीच तिची माफक इच्छा.

ही खोड बुद्धिबळातून आलेली. आतोबांनी लग्नानंतर हौसेनं तिला खेळ शिकवला आणि पुढे जन्मभर तिच्याकडून हरले. मला सुट्ट्यांत तिनंच शिकवलं. पटाशेजारी दोन तबकड्यांचं घड्याळ असायचं. आपली चाल झाली की बटण दाबायचं, मग समोरच्याचा वेळ पळायला लागायचा. ज्याचा वेळ आधी संपेल तो हरला. शेजारचे कापसाचे व्यापारी तिच्याशी खेळायला यायचे. वेळ संपत आला की ते घाम पुसत वजिराला वजीर देऊ करायचे, म्हणजे पट रिकामा होईल आणि फार विचार करावा लागणार नाही. आत्या आपला वजीर अलगद बाजूला घ्यायची. "ऱ्हाऊ द्या की. गर्दी बरी असती," म्हणायची. ते गेले की मला सांगायची, "समोरच्याला येळ कमी असला की मारामारी करायची न्हाई. चार मोहरी उरल्यावर कुणालाबी सुचतंय. आन् घाई त्याची हाय, आपली न्हाई. आपण दमानंच खेळायचं."

मुलीच्या लग्नाची बोलणीसुद्धा ती अशीच खेळली. पिंगळीचे पाहुणे संध्याकाळच्या पॅसेंजरनं परत जाणार होते. त्यांना लग्न पिंगळीत हवं होतं. मानपानाचं एक कलम मिटत आलं की आत्या दुसरं काढायची, मधेच आचाऱ्याचा विषय, मग बँडवाल्याचा. आम्हीच कंटाळून तिला खुणा करत होतो. शेवटी मुलाचे काका घड्याळ बघत उठले. "विहीणबाई, गाडी जायलीय. तुमी म्हनाल तसं," म्हणाले आणि लग्न सेलूत झालं. जावई अजून तिच्याशी बोलताना मनगटावरचं घड्याळ काढून खिशात ठेवतो.

गेल्या महिन्यात तिच्याकडे गेलो तेव्हा नेहमीसारखा डाव मांडला. मी तिला आजवर एकदाही हरवलं नव्हतं. पण या वेळी तिचा हात घोड्यावर बराच वेळ तसाच राहू लागला, झालेली चाल ती पुन्हा तपासू लागली. तिचा काटा टोकाला आला आणि तिनं आपला वजीर मुकाट्यानं माझ्या वजिरासमोर आणून ठेवला. इतक्या वर्षांत तिनं स्वतःहून मारामारी मागितलेली मी कधी पाहिली नव्हती. मला फार वाईट वाटलं. वजीर घेतला असता तर उरलेला डाव ती डोळे मिटूनही जिंकली असती. पण मी दया केली हे तिला लगेच कळलं असतं, आणि ते तिला हरण्याहून जड गेलं असतं. मी माझा वजीर बाजूला घेतला.

तिचा हात हत्तीकडे गेला, तिथून उंटाकडे, आणि वेळ संपला.

"काय केलंस ते दिसायलंय मला," ती म्हणाली. "वजीर घेतला असतास, तर पुन्हा पटाला हात लावू दिला नसता तुला." मग बराच वेळ ती एकटीच हसत राहिली.

मोहरी परत लावता लावता, माझ्याकडे न बघता म्हणाली, "ह्या डावाला मला धा मिनिटं जास्ती लाव."

जिनं उभ्या आयुष्यात कुणाला मिनिटभर सवलत दिली नाही, ती माझ्याकडे वेळ मागत होती. मी तिचा काटा पंधरा मिनिटं मागे घेतला. तिनं चष्मा लावून तबकडी नीट पाहिली.

"धा म्हनलं मी," ती म्हणाली. तिनं स्वतःच्या हातानं काटा पाच मिनिटं पुढे सरकवला आणि मला चाल करायला सांगितलं.