सात रकाने आणि एक टोस्ट

"महाजन, ये क्या है?"

जनरल मॅनेजर सक्सेनासाहेबांनी टोस्ट माझ्या नाकासमोर धरला. सकाळची मीटिंग होती. टेबलाभोवती सगळ्या डिपार्टमेंटचे हेड बसलेले. टोस्टचा अर्धा भाग कोळशासारखा काळा होता आणि अर्धा पांढराफटक.

"टोस्ट आहे सर."

"इसे टोस्ट कहते हैं?"

स्पिनिंगवाले हसले. मीही हसलो. मग लक्षात आलं की हसायचं नव्हतं.

बऱ्हाणपुरातल्या एका सूतगिरणीत मी इलेक्ट्रिकल सुपरवायझर होतो. देशाचा बाजार नुकता खुला झाला होता, आणि आमचं सूत पहिल्यांदाच परदेशी जायची शक्यता होती. तिकडचे दोन खरेदीदार मिल बघायला येणार होते, आठवडाभर आमच्या गेस्ट हाउसमध्ये राहणार होते. गेस्ट हाउसला नवीन पडदे लागले. कमोड बसले. एक टोस्टरही आला. सक्सेनासाहेब रंगीत तालीम म्हणून रोज तिथे नाश्ता करू लागले, आणि रोज असा अर्धा काळा टोस्ट त्यांच्या बशीत पडू लागला.

गेस्ट हाउसचा स्वयंपाक देवरामभाऊ करायचे. जवळच्या फोपनार गावचे. केळीचं शेत भावाच्या हवाली करून वीस वर्षांपूर्वी मिलमध्ये आलेले. रिटायर व्हायला चार वर्षं राहिली होती.

"इंदौर से होटल का कुक बुला लेते हैं," सक्सेनासाहेब म्हणाले. "देवराम को घर भेज दो."

मला कोणी काही विचारलं नव्हतं. पण माझी बायको बाळंतपणाला माहेरी गेली होती तेव्हा देवरामभाऊंनी मला दोन महिने दोन्ही वेळा जेवू घातलं होतं. ते जेवण बोललं.

"सर, दोष माणसाचा नाही, मशीनचा आहे. टोस्टरमध्ये इलेक्ट्रिकल फॉल्ट आहे. चांगला टोस्टर मी शोधून देतो."

"तीन हफ्ते," साहेब म्हणाले. "टोस्ट ठीक नहीं हुआ, तो देवराम नहीं रहेगा."

अशा रीतीने एका माणसाची नोकरी मी माझ्या खिशात टाकली आणि ऐटीत मीटिंगबाहेर पडलो.

टोस्टर ही साधी वस्तू आहे. आत दोन्ही बाजूंना अभ्रकाच्या पातळ पट्ट्या असतात. त्यांच्यावर हीटरची तार गुंडाळलेली असते. तारेचे वेढे एकीकडे दाट आणि एकीकडे विरळ झाले तर ब्रेड एकीकडे जास्त भाजतो. मी टोस्टर उघडला, वेढे मोजले. थोडा फरक दिसला. इतका आनंद मला डिप्लोमा मिळाला तेव्हाही झाला नव्हता.

इतवारा बाजारातल्या दुकानातून दुसरा टोस्टर आणला. दुकानदाराने पेटीवरची धूळ पुसली आणि म्हणाला, "भाईसाब, ये चीज यहां चलती नहीं. लोग सीधे तवे पे सेंकते हैं." मी त्याच्याकडे दयेने पाहिलं.

वर्कशॉपमध्ये टेस्ट घेतली. त्या काळी आमच्याकडे कापलेला ब्रेड दुपारच्या गाडीने खंडव्याहून यायचा. मी स्टेशनजवळच्या दुकानातून ताजं पाकीट घेतलं आणि एकापाठोपाठ बारा स्लाइस भाजल्या. बाराच्या बारा सारख्या, बदामी. माझ्या वायरमननी त्या चहाबरोबर संपवल्या आणि म्हणाले, साहेब, टेस्टिंग अजून चालू ठेवा.

दुसऱ्या दिवशी सकाळी गेस्ट हाउसमध्ये तोच टोस्टर लावला. देवरामभाऊंनी स्वयंपाकघरातून बशीत चार स्लाइस आणून दिल्या. मी कळ दाबली. दोन मिनिटांनी टोस्ट वर उडाला. अर्धा काळा, अर्धा पांढरा.

"असाच येते साहेब," देवरामभाऊ शांतपणे म्हणाले.

आता मला खरा चेव आला. वर्कशॉपमध्ये चांगला आणि इथे वाईट, म्हणजे टोस्टर निर्दोष. फरक कशात? व्होल्टेजमध्ये. गेस्ट हाउस आमच्या लाइनच्या टोकाला होतं, तिथे दोनशेतीसच्या जागी एकशेनव्वद मिळायचे. मी स्टेबिलायझर बसवला. फरक नाही. सबस्टेशनपासून वेगळी केबल ओढली. त्यासाठी गेस्ट हाउसपुढची गुलाबाची रांग उखडली आणि माळी आठ दिवस माझ्याशी बोलला नाही. व्होल्टेज दोनशेतीस झालं. टोस्ट पूर्वीसारखाच, फक्त काळा भाग लवकर काळा होऊ लागला.

खरं तर व्होल्टेज कमी असलं तर टोस्ट सगळीकडून सारखाच फिका राहील, अर्धाच कसा राहील? हे आयटीआयचा पहिल्या वर्षाचा विद्यार्थीसुद्धा सांगेल. पण माझ्या हातात व्होल्टमीटर होता, आणि ज्याच्या हातात व्होल्टमीटर असतो त्याला दोष व्होल्टेजमध्येच दिसतो.

तिसरा टोस्टर इंदूरहून मागवला. चौथा मुंबईच्या मेहुण्याने आणला. तो विलायती होता आणि त्याला सात नंबरांचं बटण होतं. मी रजिस्टर केलं. तारीख, वेळ, टोस्टर, व्होल्टेज, बटणाचा नंबर, सेकंद, निकाल. सात रकाने. निकालाच्या रकान्यात मी लिहायचो, 'वर काळा, खाली पांढरा' किंवा 'खाली काळा, वर पांढरा'. कधी असं, कधी तसं. तार तर जागची हलत नव्हती. मग काळा भाग कधी वर आणि कधी खाली कसा जायचा? हा प्रश्न मला पडायला हवा होता. मी मात्र 'फॉल्ट अनियमित' असा शेरा मारून खाली सही करत होतो.

राजपुऱ्यातल्या आमच्या घरी जेवताना दुसरा विषय नव्हता. बायको, सुमन, एकदा म्हणाली, "अहो, तिथे तो ब्रेड ठेवतात कसा?"

"ठेवतात कसा म्हणजे? कपाटात ठेवत असतील."

"नाही, म्हटलं विचारावं."

"हा वायरिंगचा प्रश्न आहे सुमन. तुला नाही कळायचं."

तिने मला आणखी एक पोळी वाढली.

तिसरा आठवडा लागला. मी शेवटचा पराक्रम केला. इंदूरच्या टोस्टरची तार स्वतः नव्याने गुंडाळली. तो गेस्ट हाउसमध्ये लावला आणि अख्ख्या गेस्ट हाउसचा फ्यूज उडाला. त्या वेळी सक्सेनासाहेब डोक्याला साबण लावून गरम पाण्याची वाट बघत होते. ते टॉवेलवर बाहेर आले. काय बोलले ते इथे देत नाही. शेवटचं वाक्य एवढंच, की इंदूरचा कुक सोमवारी येतोय.

खरेदीदार मंगळवारी येणार होते. तो शनिवार होता.

देवरामभाऊ दारात उभे होते. त्यांनी ऐकलं होतं. "जाऊ द्या साहेब," ते म्हणाले. "तुमी लई मेहनत केली. मी फोपनारले जातो. भाऊ हाये तिथं."

त्यांच्या तोंडावर राग नव्हता, आणि त्याचीच मला लाज वाटली. मी त्यांच्या बाजूने उभा राहिलो होतो, पण त्यांच्याजवळ पाच मिनिटंही उभा राहिलो नव्हतो. तीन आठवडे मी टेबलाशी बसून टोस्टर चालवत होतो आणि ते स्लाइस आणून देत होते. स्वयंपाकघरात मी एकदाही पाय ठेवला नव्हता.

रविवारी सकाळी सहाला मी तिथे गेलो. हत्यारांची पेटी नेली नाही, नेऊन उपयोगही नव्हता. एका पाटावर बसलो. देवरामभाऊंनी चहा दिला. मग ओट्याखालून स्टीलचा उभा डबा काढला. झाकण उघडलं. आतून ओलं फडकं बाहेर आलं. फडक्यात ब्रेड, पानवाला विड्याची पानं गुंडाळून ठेवतो तसा, उभा गुंडाळलेला.

माझा कप हातातच राहिला.

"देवरामभाऊ, हे काय?"

"ब्रेड."

"ओल्या फडक्यात?"

"मंग? काल दुपारचा ब्रेड हाये. सकायलोक वायून कडक होते. पाव्हन्याले वायलेलं कसं द्यायचं? आमच्या घरी तं असं कोनाले वाढत नाई."

मी एक स्लाइस हातात घेतली. डब्याच्या तळाशी पाणी निथरलं होतं. स्लाइसचा खालचा अर्धा भाग दमट, मऊ. वरचा कोरडा. जिथे ओल असते तिथे आधी पाणी उडून जावं लागतं, मगच रंग चढतो. तोवर कोरडा भाग जळून मोकळा होतो. आणि बशीतून उचलताना कधी ओली बाजू वर यायची, कधी खाली. 'फॉल्ट अनियमित.'

आता हे सांगायलाच हवं, की मिलमध्ये माझ्याकडे दोन कामं होती. एक इलेक्ट्रिकल. दुसरं ह्युमिडिफिकेशन, म्हणजे हवेतला ओलावा सांभाळणं. हवा कोरडी झाली की सूत तुटतं, म्हणून स्पिनिंगच्या हॉलमध्ये बारीक तुषार सोडतात. ओलावा मोजायला एक थर्मामीटर असतो, त्याच्या टोकाला ओल्या फडक्याची चिंधी बांधलेली असते. ती चिंधी मी बावीस वर्षं रोज सकाळी स्वतःच्या हाताने भिजवत आलो होतो. ओल्या फडक्यावर माझं घर चाललं होतं.

"तुम्ही मला आधी का नाही सांगितलं?" मी विचारलं.

"तुमी कुठं विचारलं?" देवरामभाऊ म्हणाले. "रोज नवी मशीन आनत व्हते. मले वाटलं, साहेबाले शौक हाये."

त्या दिवशी संध्याकाळी ब्रेड कोरड्या डब्यात ठेवला. सोमवारी सकाळी तो मी आणलेल्या कुठल्याच टोस्टरमध्ये नव्हे, मिलच्या मूळ टोस्टरमध्ये भाजला. बदामी. सारखा. कडेपासून कडेपर्यंत. मी तो बशीत घालून सक्सेनासाहेबांच्या केबिनमध्ये गेलो. बाहेर बाकावर इंदूरचा कुक बॅग घेऊन बसलेला होता.

साहेबांनी टोस्ट उलटापालटा करून पाहिला. "गुड. प्रॉब्लेम क्या था?"

केबिनच्या दारापर्यंत येताना मी दोन उत्तरं तयार केली होती. एकात तारेचा दोष होता. ते खोटं होतं, पण माझी अब्रू वाचत होती. ते ओठांवर आलंही होतं. पण त्याच अब्रूपायी तीन आठवडे गेले होते.

"ओलावा सर. ब्रेड ओल्या फडक्यात ठेवला जात होता. पाहुण्याला वाळलेलं देऊ नये म्हणून."

"मतलब गलती देवराम की थी."

"नाही सर. देवरामने फडकं लपवलं नव्हतं. मी तीन आठवडे रोज तिथे जात होतो. सगळं मोजलं, फक्त ब्रेडला हात लावून पाहिला नाही. हे बघा." मी रजिस्टर पुढे केलं. "सात रकाने आहेत. ब्रेडचा एकही नाही. देवरामला एका शब्दाने विचारलं असतं तर पहिल्याच दिवशी काम झालं असतं. आणि मिलमध्ये ओलाव्याचा चार्ज माझ्याकडे आहे."

साहेब बराच वेळ रजिस्टर चाळत राहिले. 'फॉल्ट अनियमित' त्यांनी मोठ्याने वाचलं. दोनदा.

"ठीक है," ते म्हणाले. "देवराम रहेगा. लेकिन जब तक गेस्ट हैं, टोस्ट पर आप खड़े रहेंगे. रोज."

त्या आठवड्यात मी सफारी घालून सात सकाळी टोस्टरशेजारी उभा राहिलो. बावीस वर्षांच्या अनुभवाचा माणूस, हातात चिमटा. खरेदीदारांनी मला वेटर समजून दोनदा जॅम मागितला. मी आणून दिला. टोस्टबद्दल सातही दिवस कोणी एक अक्षर बोललं नाही. आमच्या धंद्यात काम नीट झाल्याची हीच खूण असते. दिवा लागला तर इलेक्ट्रिशियनचं कोणी नाव घेत नाही. सुताची ऑर्डर मिळाली, तेव्हाही टोस्टरचा उल्लेख झाला नाही.

देवरामभाऊ चार वर्षं पूर्ण करून, हार घालून घेऊन, फोपनारला गेले. तेव्हापासून कुठेही बिघाड झाला की मी पेटी उघडण्याआधी, ते यंत्र रोज वापरणाऱ्या माणसाला विचारत आलो, "तुम्ही हे कसं करता, जरा दाखवा." निम्मी दुरुस्ती तिथेच होते.

डबा उघडला त्या रविवारी घरी आल्यावर मी सुमनला सगळं सांगितलं होतं. ओलं फडकं, निथरलेलं पाणी, माझे सात रकाने. ती भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "मी विचारलं होतं."

माळ्यावर आजही तीन टोस्टर आहेत. आमच्याकडे ब्रेड तव्यावर भाजतात.