कॉलर, कफ आणि एक खिसा

“तुझी स्टाइल काय आहे?” असं माझ्या रूममेटनं विचारलं, तेव्हा मला वाटलं ती माझी चेष्टा करते आहे. आम्ही जळगावात एकाच कॉलेजात होतो आणि पिंप्राळ्यात एका खोलीत राहत होतो. ती धुळ्याच्या देवपूरची, आई-वडील दोघंही शिक्षक. मी पहूर गावची. आमच्या घरात माझ्याआधी कॉलेजात कोणी गेलेलं नाही.

मार्च संपत आला होता आणि ती उन्हाळ्याचे कपडे वर काढून बाकीचे बॅगेच्या तळाशी घालत होती. ही पद्धत मला नवीन होती. आमच्याकडे कपड्यांचे दोनच प्रकार असतात, घरात घालायचे आणि बाहेर घालायचे. तिनं माझीही बॅग पलंगावर उलटी केली. पाच ड्रेस निघाले. दोन चॉकलेटी, एक गर्द निळा, एक मेंदी रंगाचा आणि एक काळपट जांभळा.

“तुला गडद रंग आवडतात?”

मला आवडतात की नाही हे मला खरंच माहीत नव्हतं. आई दुकानात कापड हातात घेते तेव्हा आधी बघते, मळखाऊ आहे का. मग बघते, वाढत्या अंगाला होईल का. माझी उंची वाढायची कधीच थांबली होती, तरी माझे सगळे ड्रेस सैलच असायचे.

एरवी मी हे हसून सोडून दिलं असतं. पण दहा दिवसांनी वनस्पतिशास्त्राचा सेमिनार होता. आधीच्या सेमिनारला मी वर्गातल्या एकीचा चमकीचा ड्रेस मागून घातला होता. त्याची ओढणी सारखी घसरत होती. एका हातात कागद, दुसऱ्या हातात ओढणी, त्यामुळे फळ्यावर आकृती काढायला हातच उरला नाही. चौथ्या मिनिटाला मी “थँक यू” म्हणून खाली बसले. सर रागावले नाहीत. “विषय चांगला होता, पुढच्या वेळी पूर्ण सांगा,” एवढंच म्हणाले. या वेळी मला पूर्ण सांगायचं होतं.

रूममेट मला स्कूटीवर बसवून बाजारात घेऊन गेली. तिनं पीच रंगाचा एक टॉप शोधला. बाह्या खांद्यापाशीच संपलेल्या, कापड सुळसुळीत. मी आरशासमोर उभी राहिले.

“मस्त शे!” ती म्हणाली. घरी कोणी अहिराणी बोलत नसलं तरी फार खूश झाली की तिच्या तोंडून ‘आहे’ऐवजी ‘शे’ निघायचं. तिला इतकं आवडलं म्हटल्यावर मलाही आवडल्यासारखं वाटलं.

शनिवारी तोच घालून मी पहूरची बस धरली. खिडकीची जागा मिळाली याचा आनंद थोडाच वेळ टिकला. कापड पाठीला चिकटलं आणि उघडा दंड उन्हानं लाल झाला. घरी पोचले तर शेजारच्या काकू ओट्यावरच बसलेल्या.

“व माय! बाह्या दुकानातच राह्यल्या का व?”

आई हसली नाही. पाण्याचा तांब्या पुढे करत म्हणाली, “चांगला आहे. शहरात चालतो असा.”

रविवारी मका खुडायला मीही शेतात गेले. मक्याच्या पानांची कड करवतीसारखी असते. आईनं वडिलांचा एक जुना फुलशर्ट माझ्या अंगावर टाकला. “हे घाल वरून. हात सोलून निघतीन नाही तं.”

आमच्या भागात शेतात जाणाऱ्या सगळ्याच बाया साडीवर घरातल्या पुरुषाचा जुना शर्ट घालतात. मीही सुट्टीत घालत आले आहे. पण जळगावात हे मी कधी कोणाला सांगितलं नव्हतं. आई शेतात काय घालते हा प्रश्न कोणी विचारत नाही, म्हणून सांगायची वेळच आली नाही, अशी मी स्वतःची समजूत घालत असे. खरं कारण लाज हेच होतं.

त्या दिवशी मात्र तो शर्ट अंगावर असल्याचं मला जाणवत राहिलं. धुऊन धुऊन कापड मऊ झालेलं. बाह्या लांब असूनही उकडत नव्हतं. घामानं ओला झाला की वाऱ्याची झुळूक थेट आत पोचायची. खिशात मोबाइल, रुमाल आणि दोन लिंबाच्या गोळ्या बसल्या.

जेवायला कडुनिंबाखाली बसलो तेव्हा एका आजीनं विचारलं, “काय शिकतं व तू तिथी?”

बांधापलीकडे उशिरा पेरलेला मका अजून हिरवा होता. दुपारच्या उन्हात त्याची पानं गुंडाळून पुंगळीसारखी झाली होती. माझा सेमिनार त्यावरच होता. मी उठून एक पान तोडून आणलं आणि सांगायला लागले. पानाच्या वरच्या बाजूला काही मोठ्या पेशी असतात, त्यांतलं पाणी कमी झालं की पान मिटतं, ऊन कमी लागतं, पाणी वाचतं. मी दोन्ही हातांनी पान मिटवून दाखवत होते.

“म्हंजे मका बी उन्हात बाह्या खाली करतो,” आजी म्हणाल्या, आणि सगळ्या हसल्या. मी पण. मग त्यांनी कपाशीचं विचारलं, केळीचं विचारलं. जेवण संपलं तरी मी उभी राहून बोलतच होते.

संध्याकाळी घरी येताना मी आईला म्हटलं, “मले असाच कुर्ता शिवायचा. कॉलरचा, पूर्ण बाह्यांचा, खिशाचा. सेमिनारले.”

आई थांबली. “हे घालायचं काम तुले पडू नये म्हून तं तुले जळगावले धाडलं.”

मला हे सुचलंच नव्हतं. मी माझ्याच लाजेचा विचार करत होते. तिच्यासाठी तो शर्ट काय आहे, हे मी तिला कधी विचारलंच नव्हतं.

“लोक म्हनतीन, मजूर आली,” ती पुढे म्हणाली.

“म्हनू दे. आई, याच्यात हात मोकळे राहतात. मले बोलता येतं. आज पाह्यलं ना तू?”

ती पुढे चालायला लागली. मी ठरवलं होतं, ती नको म्हणाली तर नाही शिवायचा.

सोमवारी सकाळी तिनं पेटीतून एक शर्टपीस काढला. पांढऱ्यावर बारीक निळी रेघ, कुठल्याशा लग्नात वडिलांना आहेर म्हणून आलेला. “शिवायचा तं नव्या कापडाचा शिव. जुना घालून उभी राहू नको.”

“पांढरा आहे. मळंल.”

“मळू दे. धुशीन.”

गावातले टेलर फक्त पुरुषांचे कपडे शिवतात. आम्हाला पाहून ते गडबडले. “अक्का, लेडीजचं माप मी नाही घेत.”

“मंग मी घेते. तुमी लिव्हा.” आईनं त्यांच्या गळ्यातली टेप मागून घेतली आणि भर दुकानात माझे खांदे मोजले. सैल सांगेल असं मला वाटलं होतं. तिनं बरोबर माप सांगितलं.

“खिसा कुठी ठेवायचा?” मी म्हटलं, डावीकडे. टेलर आईकडे बघून म्हणाले, “लेडीजले खिसा?”

“काहून? बायांजवळ ठेवायले काही नसतं का?”

त्यांनी मुकाट्यानं लिहून घेतलं आणि संध्याकाळच्या बसच्या आत कुर्ता तयार ठेवला. पीच टॉप मी रूममेटला देऊन टाकला. तो तिला माझ्यापेक्षा जास्त शोभला.

सेमिनारच्या दिवशी खडू खिशात होता. मी फळ्यावर पानाचा छेद काढला आणि आजींचं बाह्यांचं वाक्य सांगितलं. वर्ग हसला. शेवटी सरांना घड्याळ दाखवून मला थांबवावं लागलं. आवाज दोनदा कापला, पण मी पूर्ण सांगितलं.

बाहेर आल्यावर तिघी-चौघींनी घेरलं. “कुर्ता भारी आहे! कुठून घेतलास?”

“ऑनलाइन” हा शब्द माझ्या जिभेवर आला होता. एकदा मी चपलांकडे पाहिलं. मग म्हटलं, “गावातल्या टेलरकडून शिवला. आमच्याकडे शेतात बाया असा शर्ट घालतात. माझी आई घालते. त्याच्यावरून.”

कोणी दचकलं नाही. एकीनं कफ हातात घेऊन शिलाई उलटून बघितली आणि मलाही असाच हवा म्हणाली. रूममेटनं विचारलं, त्या टेलरना दुसरं कापड दिलं तर ते देवपूरच्या मुलीचाही शिवतील का.

संध्याकाळी आईचा फोन आला. सेमिनार कसा झाला हे तिनं आधी विचारलं. मी सांगितलं. मग आवाज थोडा खाली आणून म्हणाली, “अन् कुर्त्याचं? कोनी विचारलं?”

“विचारलं. मी सांगितलं, आई शेतात घालते तसा आहे.”

“सगळ्यांसमोर?”

“सगळ्यांसमोर. दोघींना तसाच शिवायचा आहे.”

“खोटं नको बोलू.”

“खरंच. त्यांची मापं पाठवते.”

तिनं फोन कानापासून दूर धरला असावा. तिचा आवाज लांबून, पण मोठ्यानं आला. ती शेजारच्या काकूंना हाक मारत होती, “ऐकलं का व? जळगावच्या पोरींले आपला शर्ट पायजे म्हने!”