चिमटेमामाचा स्वतःचा दाखला

माझा मामा भाजी घ्यायला गेला की भाजीवाला आधी पारडं पुसतो, मग नमस्कार करतो. मामा बोलत काही नाही, नुसता वाकून काट्याकडे बघतो. वजनकाटे दुरुस्त करणाऱ्या कारखान्यात तो सव्वीस वर्षं तपासणीच्या टेबलावर आहे. दुसऱ्यानं दुरुस्त केलेला काटा खरा बोलतो की नाही हे बघायचं आणि दाखल्यावर सही करायची, हे त्याचं काम. प्रमाण वजनांना बोट लावायचं नसतं, घामानं वजन वाढतं, म्हणून तो ती चिमट्यानं उचलतो. त्यावरून त्याचं नाव चिमटेमामा पडलं. मी त्याचा सख्खा भाचा, आता त्याच कारखान्याच्या ऑफिसात कारकून. पण माझाही बारावीचा निकाल तो शाळेत जाऊन स्वतः विचारून आला होता. "मार्क चांगले होते म्हणून गेलो," असं त्याचं म्हणणं. "वाईट असते तर विश्वास बसला असता."

मालकांची धाकटी सून अलीकडेच कारभारात लक्ष घालू लागली होती. एका सोमवारी तिनं माझ्याकडे बारा वह्या दिल्या. सगळ्यांनी भरून शुक्रवारी परत करायच्या. वर लिहिलेलं, 'स्वतःला ओळखा'. आत आठ फाका केलेलं एक वर्तुळ: संयम, आरोग्य, घर, काम, शिकण्याची हौस वगैरे. प्रत्येक फाकेला दहापैकी गुण द्यायचे. पुढं गुण आणि उणिवा, मग पाच वर्षांनी तुम्ही कुठे असाल, आणि शेवटच्या पानावर एकच प्रश्न, तुम्ही कशासाठी जगता? त्याच्याखाली चार रेघा. एवढ्यात भागतं हे मलाही नवीनच होतं.

मामानं वही उजेडाला धरून बघितली.

"हे वाचणार कोण?"

"कोणी नाही रे. आपल्यासाठीच भरायचं. सूनबाई म्हणाल्या, त्यानं माणसाची वाढ होते."

"मग परत कशाला द्यायचं?"

मी उरलेल्या वह्या मोजायला लागलो.

"भाचा असलास तरी तू ऑफिसचा माणूस," मामा म्हणाला. "उणिवा मी लिहायच्या आणि त्या दाखवून मला काउंटरवर बसवायचं. दोरी आपलीच, गळाही आपलाच."

काउंटरची कुणकुण सगळ्यांनाच लागली होती. तिथले गृहस्थ पुढच्या महिन्यात निवृत्त होत होते आणि त्यांच्या जागी मामा किंवा ठोक्या, दोघांतला एक जाणार होता. ठोक्या म्हणजे दुरुस्तीवाला. अकरा वर्षं त्यानं काटा दुरुस्त करायचा आणि मामानं चूक काढून परत पाठवायचा, एवढाच दोघांचा घरोबा. आपल्या टेबलावर त्याचा डोळा आहे, असं मामा म्हणायचा. काउंटर म्हणजे दिवसभर गिऱ्हाइकाशी गोड बोलणं. मामाकडून ते करून घेणं म्हणजे रेड्याचं दूध काढणं. टेबल गेलं तर हा माणूस दिवसभर करणार काय, या काळजीनं मामीचं जेवण कमी झालं होतं.

शेवटी मामानं त्याला येत होतं तेच केलं. वही तपासायला घेतली.

काटा तपासताना वजन पारड्याच्या मधोमध ठेवून भागत नाही. चारी कोपऱ्यांवर ठेवून बघायचं. आकडा तोच आला तर काटा खरा. मामानं वही पेन्सिलीनं चार ठिकाणी भरली: पलंगावर, बसथांब्यावर, स्वयंपाकघरात आणि कारखान्यात ठोक्याच्या शेजारी बसून. संयमाला पलंगावर आठ आले. बसथांब्यावर पाच. स्वयंपाकघरात चार, तेही मामी पाठमोरी होती म्हणून. ठोक्याशेजारी दोन.

"वही खोटी आहे," जेवताना त्यानं समाधानानं जाहीर केलं.

"की भरणारा?" मामी म्हणाली.

मामाचा घास हातात राहिला. शंका रास्त होती. काट्यावर संशय आला की प्रमाण वजन ठेवून बघायचं, आणि त्याच्या माहितीत ग्रॅमपर्यंत पाठ असलेलं माणूस एकच होतं. त्यानं मामीलाच वही भरायला लावली, एकदा सकाळी आणि एकदा संध्याकाळी. दोन्ही वेळा आकडे तेच. संयमाला दहा.

"दहा?"

"तीस वर्षं काढलीत तुमच्याबरोबर. दुसरा आकडा आणू कुठून? द्या इकडे, तुमच्या उणिवाही मीच लिहिते." तिनं गुणांच्या खाली लिहिलं, 'प्रत्येक गोष्ट पुन्हा तपासून बघतात.' उणिवांच्या खाली लिहिलं, 'वरीलप्रमाणे.'

वही खरी ठरली, तेव्हा मामानं तिचा रीतसर दाखला केला. चार ठिकाणचे आकडे, सरासरी, चूक किती, असे रकाने आखले. खाली 'तपासणारा' अशी ओळ घातली आणि तिथे अडला. ज्यानं काटा दुरुस्त केला त्यानंच तो पास करायचा नाही, हा कारखान्याचा नियम.

"ठोक्याची सही घेतो," तो म्हणाला.

"अरे, तुझ्या टेबलावर त्याचा डोळा आहे म्हणतोस ना?" मी विचारलं.

"म्हणूनच. तो चूक सोडणार नाही."

ठोक्यानं हात पुसले, कागद घेतला आणि अकरा वर्षांचा वचपा काढायची संधी मिळाल्यासारखा सावकाश वाचला.

"संयम, कारखान्यात दोन? एक करा, चिमटेमामा. परवा माझा काटा तिसऱ्यांदा परत पाठवलात तेव्हा स्टूल आपटलं होतंत."

मामानं एक केला.

"आणि कामाला नऊ कशाला? दहा करा. तुम्ही काढलेली चूक खोटी निघेल म्हणून वाट बघतोय, एकदा निघाली नाही."

मामा माझ्या कानाशी आला. "याला काहीतरी हवंय."

"कशासाठी जगता, हा शेवटचा रकाना कोरा आहे," ठोक्या म्हणाला. "कोऱ्या रकान्यावर तुम्ही करता का सही?"

करत नाही. दुपारच्या सुट्टीत मामा डबा न उघडता बसून राहिला. सुट्टी संपताना त्यानं लिहिलं, 'ज्यानं एक किलो म्हणून घेतलं, त्याच्या घरी एक किलो पोचावं. तो मला ओळखत नसला तरी.' ठोक्यानं ते वाचलं, सही केली आणि खाली तारीख घातली.

सोमवारी सूनबाईंनी मामाला बोलावलं. मी फायली घेऊन तिथेच होतो.

"काका, टेबल तुमचंच. काउंटरवर ठोक्या बसेल."

"वह्या वाचून ठरवलंत?"

"हो."

"म्हणजे वह्या त्यासाठीच होत्या."

सूनबाईंनी वह्यांचा गठ्ठा बाजूला सरकवला. "त्यासाठीही होत्या," त्या म्हणाल्या.

टेबल राहिलं याचा मामाला आनंद जास्त झाला की संशय खरा निघाला याचा, हे मी सांगू शकत नाही. पण तो तडक ठोक्याकडे गेला. "माझ्या दाखल्यावर सही केलीस आणि तुलाच हलवलं. काय ते बोल."

"हलवलं कुठं? मीच मागितलंय." ठोक्यानं आपली वही त्याच्यापुढे टाकली. पेनानं, एकही खाडाखोड न करता लिहिलं होतं, 'पाच वर्षांनी वाकून करायचं काम नको. पाठ दुखते. माणसांशी बोलायला आवडतं.'

मामानं पान उलटून मागची बाजूही बघितली. "हे कधी भरलंस?"

"वही मिळाली त्या दिवशी. डबा खाता खाता."

त्या रात्री मामा जेवला नाही. आपल्या टेबलावर आता कुठल्या कोणा माणसाच्या हातचे काटे येणार, हे त्याच्या ध्यानात आलं होतं. ठोक्याच्या चुका त्याला तोंडपाठ होत्या. त्याचा हात कुठे घसरतो, घाईत तो काय विसरतो, सगळं. नव्याचं काहीच माहीत नव्हतं. सकाळी तो आपण होऊन सूनबाईंकडे गेला. एक महिना ठोक्यानं आतच राहावं आणि नव्या दुरुस्तीवाल्याला तयार करावं, असं त्यानं सुचवलं.

"आणि तोवर काउंटरवर कोण बसणार?" सूनबाईंनी विचारलं.

मामानं एकदा खिडकीकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. "बसतो मी," तो म्हणाला. "महिनाच. तपासणी संध्याकाळी करीन. लेखी द्या."

पहिल्या दिवशी मी मुद्दाम ऑफिसचं दार उघडं ठेवलं. दहाच्या सुमाराला एक दुकानदार काखेत काटा घेऊन आला. "हा जरा जास्त दाखवतोय हो, बघता का?"

"जास्त दाखवतोय," मामा म्हणाला, "हे तुम्हाला कधीपासून माहीत आहे?"