वहिनीचं प्रेशर आणि आत्या

हे सांगायचं नव्हतं. आईने बजावलं होतं, "वाडीत कोणी विचारलं तर वहिनी माहेरी विश्रांतीला गेलीय म्हण." मी तशी कोणाशी फारशी बोलतच नाही. पण आठवडाभर मी कोल्हापूरच्या हॉस्पिटलमध्ये आयसीयूबाहेरच्या बाकावर बसलेय, आणि अशा बाकावर किस्से साठतात. भीती वाटली की एकेक आठवतो.

दादा बोटीवर असतो. रत्नागिरीच्या घरी आई, मी, स्वप्नाली वहिनी आणि तिच्या बाळंतपणासाठी खेडहून आलेली माझी आत्या.

*

पाचव्या महिन्यात वहिनीला अंगणातल्या दहा पायऱ्या चढवेनात. "पोटुशी बाई, दमायचीच!" सगळे म्हणाले. डॉक्टरबाईंनी मात्र इको काढला आणि आईला आत बोलावलं. फुफ्फुसांकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्यांत प्रेशर फार वाढलं होतं. "बाळंतपणात जिवाला धोका आहे. आणि नंतरचे दिवस तर जास्तच जपायचे."

घरी येताच आत्याने स्वतःचं बीपीचं मशीन वहिनीच्या दंडाला बांधलं. एकशेवीस-ऐंशी! "बघा, माझ्यापेक्षा चांगलं आहे!"

पुढच्या वेळी ती मशीन घेऊनच डॉक्टरबाईंशी भांडायला गेली. बाई म्हणाल्या, "आत्या, तुम्ही अंगणातला नळ बघताय. तुंबलंय ते माडीवर!"

रिक्षात बसताच आत्याने मशीन पिशवीच्या तळाशी सारलं.

*

मीठ बंद, पाणी मोजून. आणि वहिनीला डोहाळे लागले सुक्या बांगड्याचे!

आत्याने मागच्या पडवीत बांगडा भाजायला घेतला. आई धावली. "अहो वन्सं, नुसता मिठाचा गोळा तो!"

"खायला कोण देतंय? वासात मीठ नसतं!"

वहिनी खिडकीशी बसून, डोळे मिटून, अळणी भात जेवू लागली. पण धूर आत आला आणि तिला जी ढास लागली, ती थांबेचना. आत्या तव्यासकट परसात पळाली. साठीची बाई!

*

पुढची चूक माझी.

घरातल्या घरात ओटी भरली, तेव्हा मी वहिनीच्या नखांना गडद नेलपॉलिश लावलं. संध्याकाळी बोटाला ऑक्सिजन मोजायचं मशीन लावलं, तर आकडा ब्याऐंशी! आईच्या हातातलं ताट पडलं. वहिनी म्हणत होती, "मी बरी आहे हो." ऐकतंय कोण? थेट हॉस्पिटल.

सिस्टरने वहिनीकडे पाहिलं, नखांकडे पाहिलं, आणि कापसाने एक नख पुसलं. त्र्याण्णव!

"हे रंगकाम कोणाचं?"

मी चपला शोधायला लागले.

*

आठव्या महिन्यात मात्र मशीन खोटं नव्हतं. वहिनीचे ओठ निळसर झाले. ऑक्सिजन लावून अँब्युलन्स कोल्हापूरला निघाली. घाटातल्या देवळापाशी ड्रायव्हरने वेग कमी केला. नारळ दिल्याशिवाय तो घाट चढत नाही म्हणे. मी वहिनीचे श्वास मोजत होते.

"थांबू नकोस!" आत्या ओरडली.

"मावशी, देवाचा मान..."

आत्याने खिडकीतूनच हात जोडले. "देवा, मान परतताना. सगळ्या परतलो तर! आता रस्ता दे."

*

सिझेरियनने मुलगी झाली. एवढीशी आहे, काचेच्या पेटीत ठेवलीय. वहिनीच्या तोंडावर मास्क, बोलायची मनाई. डॉक्टर रोज एकच सांगतात, "अजून काही दिवस जाऊ देत."

आज पाचवी. पाचवीच्या रात्री सटवाई येऊन बाळाचं नशीब लिहिते, म्हणून कोरा कागद आणि पेन ठेवतात. पेटीजवळ काही ठेवू देईनात. मग दुपारी भेटीच्या वेळी आत्याने पदराआड कागद-पेन नेलं आणि वहिनीच्या उशाशी ठेवलं. "कोणी हात लावायचा नाही हां!"

आम्ही डॉक्टरांशी बोलून परत आलो, तर कागदावर लिहिलेलं! वहिनीचं अक्षर, वाकडंतिकडं.

"सटवाईच्या कागदावर लिहिलंस? काय गो हे!" आत्या दबक्या आवाजात ओरडली.

वहिनीने कागद पुढे केला. एकच ओळ होती.

"हिला आई आहे."

आत्याने चष्मा पुसून ती पुन्हा वाचली. कागद होता तिथेच नीट ठेवला. पेन मात्र उचललं आणि स्वतःच्या पिशवीत टाकलं.

बाहेर आल्यावर मी विचारलं, "आत्या, पेन का घेतलंस?" तेव्हा ती म्हणाली, "सटवाईने त्याखाली आणखी काही लिहू नये म्हणून..." थांबा, सिस्टर दारातून हाक मारतेय,

"स्वप्नालीची नणंद कोण? चल आत, पेशंट बोलावतेय!"