पंखा थांबला आणि बाबांना समुद्र ऐकू आला

आज दुपारपासून आमच्या कुडाळच्या घरात समुद्र ऐकू येतोय, म्हणून तुम्हाला सांगतेय.

बाबा तारकर्लीचे मच्छीमार, आता अंथरुणाला खिळलेत. काकाच्या तिथल्या किनाऱ्यावरच्या घरी माइक लावून मी इंटरनेटवरून लाटांचा आवाज त्यांच्या उशाशी, छोट्या कॉम्प्युटरवर आणला. पण त्याच्या डबीतला पंखा सतत घरघरायचा.

"माका दर्या आयकाक येना नाय गो," ते म्हणाले.

किती तापल्यावर पंखा फिरावा ती सेटिंग तीनदा बदलली, पंखा ऐकेना. शेवटी डबी उघडली. पंख्याची कंट्रोलची वायर मीच चुकून शेजारच्या पिनवर लावली होती. ती योग्य पिनवर लावली आणि पंखा हळूहळू थांबला.

बाबांनी डोळे मिटले. लाटा ऐकता ऐकता म्हणाले, "भरती लागली."

काकाला फोन केला. खरंच लागली होती.

तुमच्या माणसांना कुठला आवाज ऐकायचाय, विचारलंत कधी?